ब्रेक काढायला लावणाऱ्या मामांना

मामा,

व्हॉट्सॲपवर आभार मानले की तुम्ही नुसता अंगठा पाठवून मोकळे होता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

एमबीबीएसची साडेपाच वर्षं संपल्यावर घरात एकच विषय होता, दवाखाना कधी टाकणार? आणि मी रोज संध्याकाळी कोल्हापुरात राजारामपुरीत, तुमच्या लॅबच्या उसन्या सेंट्रिफ्यूजपुढे, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रापुढे, रडकुंडीला आलेली. प्रबंधासाठी क्षयरुग्णांच्या रक्तातून लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वेगळे काढायचे होते. पुस्तकात सोपं असतं. नळीत खाली फायकॉल नावाचा दाट द्रव, त्यावर पातळ केलेलं रक्त, अर्धा तास फिरवायचं. फायकॉलची घनता मिलिलीटरला १.०७७ ग्रॅम, तांबड्या पेशी त्याहून जड म्हणून तळाला जातात, लिम्फोसाइट हलके म्हणून वर पांढऱ्या कड्यासारखे तरंगतात. माझ्या नळीत मात्र तांबडा आणि पांढरा रस्सा एकत्र कालवल्यासारखं काहीतरी. पाच जणांचं रक्त असं वाया गेलं. ज्यांनी दंड पुढे केला त्यांना काय सांगायचं, हे कुठल्या प्रोटोकॉलमध्ये नव्हतं.

तुम्ही रॅकवरून मान वर न करता म्हणालात, "मॅडम, ब्रेक कशाला लावलाय? काढा की."

एवढंच होतं. यंत्र झटक्यात थांबलं की जमलेले थर ढवळतात. त्याला आपसूक थांबू द्यायचं. फ्रीजमधलं गार रक्त तसंच घ्यायचं नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं. नळी तिरकी धरून रक्त काचेवरून ओघळत सोडायला शिकवलंत. हात थरथरला की म्हणायचात, "सायीला धक्का लागला बघा." पहिलं स्वच्छ कडं धरलं त्या रात्री ट्रायपॅन ब्लू टाकून मोजलं. मेलेल्या पेशी निळ्या होतात, माझ्या बहुतेक झाल्याच नाहीत. एका मिलिलीटर रक्तामागे दहा लाखांच्या आसपास! तुम्ही पुन्हा मोजायला लावलंत.

आता पीएचडीत नियामक टी पेशींवर काम करते, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या ब्रेकवरच. क्षयात हा ब्रेक जास्त लागला तर जंतूंचं फावतं, कमी पडला तर फुप्फुसाचीच नासाडी. शिमॉन साकागुचींनी १९९५ मध्ये या पेशी दाखवून दिल्या. तेही मूळचे डॉक्टरच, हे आईला मी मुद्दाम सांगितलंय. २०२५ मध्ये त्यांना ब्रंकाउ आणि रॅम्सडेल यांच्यासोबत नोबेल जाहीर झालं, तेव्हा पहिला मेसेज तुमचा आला. "तुमच्या ब्रेकवाल्यांना नोबेल मिळालं की ओ!" अंगठा नाही, चक्क अख्खं वाक्य.

दिवाळीत येतेय. गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊ. पैसे मी देणार.