मेडिकलच्या पाटीवरचा रेड क्रॉस काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बाजारपेठेतून एक चक्कर मारा आणि पांढऱ्यावर लाल क्रॉस किती ठिकाणी दिसतो बघा. मेडिकलची पाटी, दवाखान्याची काच, फर्स्ट एडचा डबा, डॉक्टरांच्या गाडीचा स्टिकर, आता तर लॅबच्या रिपोर्टच्या पिशवीवर पण आलाय. सगळ्यांना वाटतं ही डॉक्टरकीची खूण, पण १८६४ च्या जिनिव्हा करारात ती ठरली ती लढाईत जखमींना उचलणाऱ्यांसाठी, समोरच्या सैनिकाला लांबूनच कळावं की यांच्यावर गोळी चालवायची नाही.

माझा भाऊ आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होता म्हणून मला हे जास्त लागतं. युद्धात ही खूण असलेली पट्टी डाव्या दंडावर बांधायची असते, तिच्यावर सैन्याचा शिक्का लागतो, सोबत ओळखपत्र, म्हणजे कोणीही उठून घालावी अशी ती वस्तूच नाही. आणि या खुणेआड लपून शत्रूला मारणं हाही युद्धगुन्हाच आहे, कारण एकदा संशय आला की पुढच्या खऱ्या ॲम्ब्युलन्सवर गोळी चालते.

तशीही ती चालतेच आहे. २३ मार्च २०२५ ला गाझात रफाहमध्ये जखमींना आणायला निघालेल्या रेड क्रेसेंटच्या (म्हणजे क्रॉसऐवजी लाल चंद्रकोर वापरणारी रेड क्रॉसचीच भावंड संस्था) ॲम्ब्युलन्सवर इस्रायली सैन्याने गोळीबार केला, मदतीला गेलेले १५ जण मारले गेले, त्यातले ८ रेड क्रेसेंटचे. सैन्य आधी म्हणालं गाड्यांचे लाईट बंद होते, मग मारल्या गेलेल्यांपैकीच एकाच्या मोबाईलमधला व्हिडिओ बाहेर आला, त्यात दिवे चालू होते आणि गाड्यांवरच्या खुणाही दिसत होत्या. तेव्हा सैन्याला आपलं म्हणणं बदलावं लागलं. हे वाचून संताप येतो.

आता कोणी म्हणेल याचा आमच्या गल्लीतल्या मेडिकलशी काय संबंध? अहो, आपली पोरं अठरा वर्षं ही खूण खोकल्याच्या औषधाच्या दुकानावर बघत मोठी होतात आणि मग भरती होतात, त्यांच्या डोक्यात तिचा धाक कुठून बसणार? कायदा आहे ना आपल्याकडे, १९६० चा जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्ट, केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय हे चिन्ह वापरता येत नाही, पण दंड किती तर जास्तीत जास्त ५०० रुपये आणि माल जप्त, त्याला कोण घाबरतंय. दंड वाढवाच, पण तोवर मेडिकलला लायसन्स देणाऱ्या एफडीएने तपासणीला गेल्यावर पाटी बघावी आणि बदलायला सांगावी, हिरवा क्रॉस लावला तरी गिऱ्हाईक येतंच. आयएमएनेही आपल्या डॉक्टरांना स्टिकर काढायला सांगावं.

आणि एक विनंती तुम्हालाही. आरोग्याच्या बातमीला सवयीने लाल क्रॉसचं चित्र लावलं जातं, ते या आठवड्यापासून बंद करा.

आपला,
एक वाचक, सातारा