ओंकारला पत्र: रेपो कमी झाला, म्हणून?

कोल्हापूर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, रिझर्व्ह बँकेने व्याजदर कमी केलेत, आता आयटीचे शेअर वर जाणार. फ्लॅटसाठी साठवलेले पैसे तिकडे टाकतो." घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसले.

माझी उभी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो दर, वाढला की थोड्याच दिवसांत उद्यमनगरातले फौंड्रीवाले टेबलासमोर हजर. कास्टिंगचे पैसे तीन-तीन महिन्यांनी यायचे, कॅश क्रेडिटचं, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून घेतलेल्या खेळत्या कर्जाचं, व्याज मात्र दरमहा लागायचं. मुंबईतला निर्णय थेट त्यांच्या गल्ल्यापर्यंत पोचायचा. आयटीचं तसं नाही रे. आपल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांवर कर्ज फारसं नसतंच, मग रेपो उतरून त्यांचं व्याज किती वाचणार? त्यांची मोठी गिऱ्हाइकं अमेरिकेत: बँका, विमा कंपन्या, मोठमोठी दुकानं. तिथे फेडरल रिझर्व्हने (फेड, म्हणजे अमेरिकेची रिझर्व्ह बँक) पैसा महाग केला की ही मंडळी नवी कामं पुढे ढकलतात.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. शेअरचा भाव म्हणजे पुढे येणाऱ्या नफ्याची आजची किंमत. उसाचं बिल कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत हातात आलं, तर व्याजदर कोण बघतो? तेच दहा वर्षांनी मिळणार असेल तर? हिशेब करून बघ. वर्षाने मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत ४ टक्के दराने ९६ रुपये, ७ टक्क्यांनी ९३. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची ४ टक्क्यांनी साडेसदुसष्ट, ७ टक्क्यांनी एक्कावन्न. जवळचा पैसा जेमतेम हलला, लांबचा जवळपास पाव हिस्सा उडाला. झपाट्याने वाढणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या भावात हा लांबचाच पैसा जास्त धरलेला असतो.

तुला कधी सांगितलं नव्हतं. २०२१च्या दिवाळीत निवृत्तीच्या पैशांतले थोडे मी आयटीत घातले होते. तेव्हा सगळीकडे पैसा स्वस्त होता, आपला रेपो ४ टक्के, अमेरिकेतला दर शून्याजवळ. मार्च २०२२ पासून फेडने दर वाढवायला घेतले ते जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाचवर नेले. २०२२ या एका वर्षात निफ्टी आयटी, म्हणजे मोठ्या आयटी कंपन्यांच्या शेअरभावांचा निर्देशांक, पाव हिश्श्याहून जास्त पडला. त्याच वर्षी डॉलर ७४ रुपयांवरून ८२च्या पुढे गेला. कमाई डॉलरमध्ये आणि पगार रुपयांत देणाऱ्यांना ते खरं तर फायद्याचं, तरी भाव सावरले नाहीत. मी घाबरून तोट्यात विकले. पुढच्याच वर्षी, फेडची वाढ पुरती थांबण्याआधीच, तो निर्देशांक वर निघाला. बाजार निर्णयाची वाट बघत बसत नाही, अंदाज आधीच भावात घेतो. तू पेपरात बातमी वाचलीस तोवर उशीर झालेला असतो.

२०२५चंच बघ. रिझर्व्ह बँकेने रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आणला, वर्षाच्या शेवटी फेडनेही कमी केला, आणि त्या वर्षी निफ्टी आयटी खालीच बंद झाला. मागणी मंदावली होती, एआयने कामं जातील ही धास्तीही होती. नुसत्या दराने काय होणार?

सगळ्यात जास्त काळजी मला वेगळीच आहे. तुझा पगार त्याच अमेरिकन गिऱ्हाइकांच्या जिवावर. उद्या त्यांनी हात आखडला, तर तुझी नोकरी अडचणीत आणि शेअरही पडलेले, दोन्ही एकाच वेळी. फ्लॅटचं टोकन दोन वर्षांत द्यायचं म्हणतोस ना? ती रक्कम मुदत ठेवीतच राहू दे. त्याशिवाय जे उरेल त्यातून दरमहा थोडं आयटीत घाल, त्याला माझी ना नाही. त्यात दहा वर्षं थांबायची तयारी मात्र हवी.

त्या रकमेतले काही तू आधीच गुंतवलेस का, एवढं खरं सांग. रागावणार नाही. रविवारी फोन कर. कांदा-लसूण चटणी कुटून ठेवली आहे, पुण्याला जाणारं कुणी भेटलं की पाठवते.

तुझी,
आई