परिषदेचे शुल्क भरायचे ते कशासाठी?

महोदय,
भोसरीत माझे सीएनसीचे, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातूचे सुटे भाग कापणाऱ्या मशीनचे, छोटे युनिट आहे. गेल्या वर्षी एका उद्योग परिषदेला गेलो. शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी, प्रवास, हॉटेल मिळून ऑपरेटरच्या महिन्याच्या पगाराहून अधिक खर्च झाला. नव्या कामासाठी मशीनचे सेटिंग मीच करतो, त्यामुळे दोन दिवस एक मशीन उभे राहिले ते वेगळेच. व्यासपीठावर बहुतेक प्रायोजक कंपन्यांचे अधिकारी होते आणि प्रत्येकाचे भाषण त्याच्या उत्पादनापाशी येऊन थांबत होते. प्रश्न विचारायला वेळच उरला नाही.

बंगळूरला तुमकूर रस्त्यावर भरणारे 'इमटेक्स' हे मशीनचे प्रदर्शन मात्र मी चुकवत नाही. तिथे मशीन डोळ्यांसमोर चालते. आपल्या जॉबचे (बनवायच्या भागाचे) ड्रॉइंग पुढे ठेवून सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, किती येईल, इन्सर्ट (कापणारे बदलते पाते) किती नग टिकेल, सर्व्हिसचा माणूस पुण्यात आहे का, हे थेट विचारता येते. २५-३० लाखांचे मशीन घेण्याआधी हा प्रवासखर्च मला कधीच जड वाटला नाही.

आयोजकांनी शुल्क घेण्यापूर्वीच कोणता वक्ता प्रायोजकाचा आहे हे कळवावे, आणि निम्मा वेळ प्रश्नांसाठी राखावा. लघुउद्योगांना प्रदर्शनातील स्टॉलच्या भाड्यासाठी केंद्राच्या योजनेतून साहाय्य मिळते. तसेच साहाय्य तिथे शिकायला जाणाऱ्या सेटर-ऑपरेटरच्या प्रवासालाही मिळावे. मालकापेक्षा त्यांनी तिथे जाणे अधिक गरजेचे आहे.

– एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे