बार्टन हॉलची टेप आणि आपली सभागृहं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकी जॅम बँडची (मंचावर गाणी उत्स्फूर्तपणे फुलवत नेणाऱ्या वाद्यवृंदाची) ८ मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली मैफल कानाला हेडफोन लावूनच ऐकावी. दुसऱ्या भागात दोन गाणी एकमेकांत अशी विरघळतात, की सांधा सापडत नाही. बास आधी वळतो, गिटार मागून. एमपी३ मध्ये नेमकी तिथेच फट पडू शकते, कारण त्यात फाइलच्या टोकांना किंचित शांतता जोडली जाते. फ्लॅकच (आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल) घ्या. ध्वनिमुद्रण करणाऱ्या बेटी कँटर-जॅक्सन यांना सलाम!

आपल्याकडे नागपूरच्या सुरेश भट सभागृहात रेकॉर्डिंग करणाऱ्यांनीही नुसती मिक्सरची लाइन (मंचावरच्या माइकांचा एकत्र केलेला आवाज, थेट तारेने) घेऊ नये. गाणं ठणठणीत येतं. पण मंचावर स्वतःच्या अ‍ॅम्पवर (गिटारच्या वेगळ्या स्पीकरवर) वाजणारी गिटार दबते, टाळ्या तर गायबच. प्रेक्षकांत दोन माइक लावा, वेगळ्या ट्रॅकवर. स्पीकरपासून ३० मीटरवर आवाज सुमारे ८५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही ट्रॅक जुळवताना प्रेक्षकांतला ट्रॅक तेवढा अलीकडे ओढला नाही, तर तबल्याची प्रत्येक थाप दोनदा पडते. रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा (शून्याच्या वर आवाज फाटतो). शिट्ट्यांना जागा लागते, आपलं पब्लिक नागपूरचं आहे. आणि माइक एसीच्या झोतात नको.

– एक श्रोता, धरमपेठ, नागपूर