मुलींच्या सायकलींसाठी प्रशिक्षण संस्थेतली सीएनसी मशीन चालू द्या

महोदय,

विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात आणि त्याच आठवड्यात माझ्या लेथच्या दुकानासमोर मोडक्या सायकली उभ्या राहतात. बहुतेक मुलींच्या, मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या. पंक्चर, ब्रेक गावातला सायकलवाला करतो. माझ्याकडे येते ती मोडलेली फ्रेम.

परवा आलेल्या सायकलीच्या मागच्या चिमट्याची पट्टी, म्हणजे चाकाचा आस ज्या खाचेत बसतो ती, तिसऱ्यांदा तडकली होती. वेल्डिंगवर वेल्डिंग होऊन तिथं लोखंडाची गाठ झालेली. "भाऊ, कसंही करून जोडून द्या, पोरगी पाच किलोमीटर पायी जाऊन राहिली," बाप म्हणाला. मी ती पट्टी कापून काढली आणि प्लेटमधून कानशीने घासून नवी बसवली. सुटी पट्टी इकडं मिळतच नाही. पण हाताने केलेली खाच दोन मिलिमीटर जरी वर-खाली झाली तरी चाक तिरपं बसतं आणि पांदणीच्या चिखलात चेन उतरते.

पायडलचा आस ज्या नळीत फिरतो, ते बी.बी. शेल तर आणखी किचकट. इंचाला 24 आटे, त्यातही चेनच्या बाजूचा आटा उलटा. एका शेलला माझा अर्धा दिवस जातो. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, एकदा प्रोग्रॅम बसला, टूल वेळेवर बदललं, की पहिलं आणि पन्नासावं शेल सारखंच निघतं.

अशी सीएनसी लेथ आणि खाचा कापणारी मिलिंग मशीन आमच्या भागातल्या एका प्रशिक्षण संस्थेत आहे. मी गेलो तेव्हा दोन्हींवर कव्हर होतं. मुलं सरावापुरता जॉब करतात आणि तो तुकडा भंगारात जातो, हे पाहून जीव तुटला. सरावाला हेच काम का नको? आठ पट्ट्या एकावर एक आवळून खाच मारली तर आठही हुबेहूब एक मापाच्या होतील.

मशीननं सगळं भागेल असं नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं शेल वाकडं होतं, नंतर आटे सरळ करायला हातानं टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवावाच लागतो. फ्रेम जिगमध्ये, म्हणजे ती सरळ धरून ठेवणाऱ्या साच्यात, धरूनच जोडावी लागते. ते आम्ही कारागीर करू. माझा जिग देतो, शिकवायलाही येतो, मोबदला नको.

काढलेली जुनी पट्टी मापासाठी जपून ठेवली आहे. संस्थेनं बोलावलं की घेऊन येतो.

आपला,
एक लेथ कारागीर, वर्धा जिल्हा