कार्डावरची रिकामी जागा

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी बाजारपेठेतला कापडवाला. आलेलं गिऱ्हाईक सोडणं किती जिवावर येतं, ते मला ठाऊक आहे. तुम्ही मला सोडलंत, त्याचेच आभार मानायला हे पत्र.

२२ जुलै २०२१ चा पूर चिपळुणात कुणाला सांगावा लागत नाही. माल गेला तो गेला, पण पुढचे पावसाळे मी जागून काढले. रात्री दोनदा उठून वाशिष्ठी नदीचं पाणी बघून यायचं, भरतीच्या वेळा तोंडपाठ, उधाणाच्या दिवशी घास उतरायचा नाही. घरचे म्हणाले, बाहेरचं काहीतरी असेल. देवाला गाऱ्हाणंही घालून झालं. मग शहरातले एक समुपदेशक गाठले. फोनवर दहा सेशन, पैसे आगाऊ. बरं वाटतंय, थांबू का, विचारलं की म्हणायचे, "हीच तर टाळाटाळ. अजून खोलात जायचंय." असेलही कुणाचं तसं. पण दुसरं पॅकेज संपेस्तोवर मला माझ्या बऱ्या वाटण्याचाच संशय यायला लागला.

मग तुमच्याकडे समुपदेशनाला आलो. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत, "काय झालं की माझ्याकडे यायचं बंद कराल?" म्हटलं, पावसात झोप लागली की. ते तुम्ही फाइलीत लिहून घेतलंत. आठवड्याचं पंधरवड्यावर आलं, मग महिन्यावर. चैत्रात मीच म्हटलं, आता पुरे. तर तुम्ही हसलात. "उन्हाळ्यात कोण घाबरतं? एक पावसाळा बघू या." खरं सांगतो, राग आला. वाटलं, ह्याही त्यातल्याच.

जुलैत एका रात्री पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. पोटात गोळा आलाच, हातही थरथरले. पण तागे माळ्यावर चढवले आणि आडवा झालो. बायकोने हलवलं तेव्हा उजाडलं होतं.

गणपती झाल्यावर आलो. दर खेपेला पुढची तारीख तुम्ही घालायचात. त्या दिवशी कार्ड माझ्याकडे फिरवून सरकवलंत, त्यावर पेन ठेवलंत. "आता तारीख तुमच्याकडे. लागली तर घाला, एक फोन करा." मी पेन उचललं, परत ठेवलं. तेवढा वेळ तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मुद्दामच असणार. फी कधीच दिली होती, वेळ संपली होती, बाहेर कुणीतरी थांबलेलं होतं, तरी घड्याळाकडे तुमची नजर गेली नाही.

पुरात एकाने आम्हाला माडीवरून होडीत घेतलं, कोरड्यात सोडलं आणि नावही न सांगता पुढच्या घराकडे वळला. तुमच्याकडून उतरताना जिन्यात तोच आठवला. उतारूला होडीतच बसवून ठेवणारेही मी पाहिलेत.

कार्ड गल्ल्यात आहे, तारखेची जागा रिकामी. मागे हापूसची पेटी तुम्ही परत पाठवली होतीत, म्हणून ह्या खेपेला नुसतं पत्र.

आपला,
एक दुकानदार, चिपळूण