अंजिराचं पान

आदरणीय बाई,

जाहीर पत्रात नाव घातलेलं तुम्हाला खपणार नाही, म्हणून नुसतं 'बाई'. बायबल अभ्यासाला येणारे आम्ही सगळे तेच म्हणायचो. आभार मानायला दोन वर्षं उशीर केला. चारचौघांत मानतोय, कारण केलं होतं ते गुपचूप.

तुमच्याकडे आलो तेव्हा उत्तर माझ्या खिशातच होतं. कामातली माझी चूक मी एका नवख्या सहकाऱ्याच्या माथी मारली आणि त्याची नोकरी गेली. मला कुणी काही विचारलंही नव्हतं, गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. हे सगळं सांगून वर मी म्हणालो, "शेवटी माणूस पापीच, बाई. आदामापासून रक्तातच आहे ते."

तुम्ही चष्मा काढलात, पदराने पुसलात, पुन्हा लावलात. म्हणालात, "हे तर अंजिराचं पानच झालं की!"

मग बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, तिसरा अध्याय उघडलात. देवाने मना केलेलं फळ खाल्ल्यावर आदाम आणि हव्वा या पहिल्या जोडप्याने अंजिराची पानं शिवून अंग झाकलं. देवाने विचारल्यावर आदामाने हव्वेकडे बोट दाखवलं, हव्वेने सर्पाकडे. "आणि तुम्ही आदामाकडे दाखवताय," तुम्ही म्हणालात. एवढा जुना सिद्धांत मी अंग झाकायला वापरत होतो, हे तोवर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

'चुका कुणाच्या होत नाहीत' असं बाकी सगळे म्हणाले होते. तुम्ही तेवढं म्हणाला नाहीत, याचे आभार सगळ्यांत आधी. बायबलच्या नव्या करारात पापासाठी वापरलेल्या 'हामार्तिया' या ग्रीक शब्दाच्या मुळाशी नेम चुकणं आहे, हे मला पाठ होतं आणि सोयीचंही होतं. तुम्ही विचारलंत, "चुकलेला बाण लागला कुणाला?"

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. मी नासकाच, देवाने माझ्याकडे बघू नये, वगैरे. (यातही मीपणा किती असतो!) तेव्हा तुम्ही पानं मागे उलटलीत. पहिला अध्याय, सत्ताविसावं वचन: देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला. पतन, म्हणजे ते फळ खाणं, त्यानंतरचं. आणि पतनानंतर देवाच्या तोंडचं पहिलं वाक्य म्हणजे एक प्रश्न: "तू कोठे आहेस?" बागेबाहेर घालवण्याआधी त्याने त्या दोघांसाठी चामड्याची वस्त्रं केली आणि त्यांना घातली. एकविसाव्या वचनावर तुमचं बोट बराच वेळ तसंच होतं. मी ते वचन कितीदा वाचलं असेल, पण त्यापाशी थांबलो कधीच नव्हतो.

जुन्या काळचा ख्रिस्ती संत ऑगस्टीन, त्याचं आत्मकथनही तुमच्यामुळेच वाचलं. सोळाव्या वर्षी त्याने मित्रांबरोबर चोरलेली नासपती. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती, चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. गोडी नुसती चोरीची. कुणी न विचारता खोटं बोलणाऱ्या मला ते पान वाचवेना. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने निष्पाप राहू शकतो, या पेलागियस नावाच्या समकालीन धर्मशिक्षकाच्या शिकवणीशी हाच ऑगस्टीन पुढे का भांडला, तेही तिथे उमगलं. 418 साली कार्थेजच्या परिषदेने ती शिकवण नाकारली.

पण एका बाबतीत आपलं अजून जुळत नाही. आदामाचा दोष नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या कपाळी, हे मला पटत नाही. मरण आणि दुबळेपणा वारशाने येतो, दोष ज्याचा त्याचा, असं पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स परंपरा मानते. मी तिकडे झुकतो. तुम्ही हसून म्हणायचात, "झुका, पण रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय वाचून झुका." वाचला. करायचं ते चांगलं हातून होत नाही आणि नको ते वाईट होतं, असं ते पत्र लिहिणारा खुद्द प्रेषित पौल म्हणतो. तिथे वाद घालायला माझ्यापाशी काही उरत नाही.

शेवटच्या भेटीत तुम्ही नव्या करारातली जक्कयाची गोष्ट काढलीत. उंबरावर चढलेल्या त्या जकातदाराला येशूने आधी नावाने हाक मारली, 'आज मी तुझ्या घरी उतरणार' म्हणून सांगितलं. लुबाडलेलं चौपट परत करायची भाषा जक्कयाने त्यानंतर केली. "क्षमा फुकट आहे," तुम्ही म्हणालात, "पण त्या मुलाचं देणं तुमच्याकडे बाकी आहे."

गेल्या महिन्यात मी साहेबांना सगळं खरं लिहून दिलं. माझं पद गेलं, नोकरी राहिली. त्या मुलालाही पत्र पाठवलं, साहेबांना दिलेल्या कबुलीची प्रत जोडून. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

तुमचा,
मागच्या बाकावरचा विद्यार्थी